तीसपैकी एकोणीस

९ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडता ठेवून दिलं असशील तर प्रश्नच मिटला. उघडलं असशील तर आधी कामाचं सांगते.

टेलिफोनबाई आठवतात ना? एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. क्लबात कायम दाराजवळच्या टेबलाला बसायच्या आणि आपण त्यांना हरवलं की "झालं तुम्हा बहीण-भावांच्या मनासारखं" असं म्हणून पर्स उचलायच्या. आता गुडघे गेलेत, म्हणून त्या भाच्याकडे राहायला चालल्यात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला निरोप धाडला. गेले तर घरभर खोकी, आणि त्या एका खोक्यावरच बसलेल्या.

म्हणाल्या, "तुझ्या भावाच्या वह्या घेऊन जा."

"त्याच्या कसल्या वह्या तुमच्याकडे?"

"वह्या माझ्याच गं. पण आत सगळा तोच आहे."

सहा वह्या निघाल्या. तू त्यांच्यासमोर ब्रिजचा जो जो डाव खेळलास, तो त्यांनी घरी जाऊन आठवून लिहून काढलाय. कुणाकडे कुठली पानं होती, तू कुठलं आधी टाकलंस, कुठे थांबलास, सगळं. तुझा खेळ शिकायचा होता त्यांना. "खेळ काही आला नाही, अक्षर तेवढं सुधारलं," म्हणाल्या.

त्यातल्या शेवटच्या हंगामाचे डाव मी वेगळे काढले. एखाद्या रंगाची राणी बाहेर, म्हणजे प्रतिस्पर्धी जोडीकडे आहे, ती डावीकडच्याकडे की उजवीकडच्याकडे हे तुला ठरवायचं आहे, असे तीस डाव निघाले. तीसपैकी एकोणीस वेळा तुझं बरोबर आलं. अकरा वेळा तू चुकलास.

मी क्लबाच्या कमिटीला दिलेल्या कागदावर फक्त अकरा डाव होते. त्यांतले दहा बरोबर, एक चूक. आणि खाली मी लिहिलं होतं की निव्वळ अंदाजानं असं घडण्याची शक्यता एकशे सत्तरात एक.

तो कागद चुकीचा होता. बाकीचे डाव मला त्या वेळी आठवले नव्हते.

अठरा वर्षांनी हे कळवून काय उपयोग, असं तू म्हणशील. मलाही सांगता येत नाही. पण वह्या घरी आणल्यापासून मी त्या टेबलावरून उचललेल्या नाहीत, आणि जेवते स्वयंपाकघरात उभ्यानं.

बारकी


२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण पाकीट परतही आलं नाही, म्हणून दुसरं लिहितेय.

माझं बरं चाललंय. कारखाना तोच, बाटल्यांचा. आता मी तपासणी विभागाची प्रमुख आहे, म्हणजे पूर्वी स्वतः बाटल्या फोडायचे, आता चौघींना फोडायला सांगते. केस पांढरे झालेत आणि कानात भट्टीचा आवाज सुट्टीच्या दिवशीही असतो. लग्नाचं विचारू नकोस.

परवा एक नवी मुलगी कामाला लागली. तिला तीनशे खोक्यांमधून वीस बाटल्या तपासायला दिल्या. अर्ध्या तासात आली, सगळ्या उत्तम म्हणाली. मी विचारलं, कुठून काढल्यास? तर म्हणे, वरच्या खोक्यांतून, ती हाताशी होती. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. हाताशी असतं ते तपासून मालाचं काही कळत नाही, खालचं खोकं ओढून काढायचे कष्ट घ्यायला हवेत, असं बरंच काही बोलले. ती रडकुंडीला आली. 

तुझ्या अकरा डावांचं मी हेच केलं. गाजलेले होते तेवढे उचलले. लोकांनी टाळ्या वाजवलेले, चहाच्या वेळी ज्यांची चर्चा झाली ते. तू चुकलास त्या डावांची चर्चा कोण करणार? दुसरा डाव वाटून मोकळे व्हायचो आपण.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी. तिची मला जास्त लाज वाटते, कारण ती करू नये हे तूच मला शिकवलं होतंस.

मी दहा वर्षांची, पाय प्लास्टरमध्ये. तू सोळाचा. गोष्टीची पुस्तकं संपली होती आणि मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. तू पत्त्यांचा कॅट घेऊन पलंगाच्या काठाशी बसलास. न बघता एक पान काढून माझ्या उशीखाली सारलंस, उरलेली एक्कावन्न एकेक करून माझ्यापुढे टाकलीस आणि म्हणालास, "सांग, उशीखाली काय आहे?"

"मला काय स्वप्न पडतंय?"

"स्वप्न कशाला? बेरीज कर. एक्क्याचा एक, गुलामाचे अकरा, राणीचे बारा, राजाचे तेरा. सगळ्या कॅटची बेरीज तीनशे चौसष्ट. समोर आलेलं वजा कर, उरेल ते उशीखाली."

पहिल्या दिवशी मी सातदा चुकले आणि पानं जमिनीवर भिरकावली. तू ती गोळा करून पुन्हा पिसलीस. प्लास्टर निघालं तेव्हा मी एका दमात सांगत होते, पान कितीचं आणि कुठल्या रंगाचं तेही. बाबा वजनकाट्यावरून घरी आले की तू त्यांना बोलवायचास, "बघा बाबा, आपल्या घरी बोलता काटा आहे." बाबांनी दिवसभर ट्रकची वजनं लिहिलेली असायची. तरी ते चप्पल काढायच्या आधी एक पान स्वतःच्या खिशात घालायचे आणि मला ओळखायला लावायचे.

मग तू राणी शोधायला शिकवलंस. बाहेर बदामाची सहा पानं आहेत. इतर रंग मोजून आपल्याला कळलंय की त्यांतली चार डावीकडच्याकडे आणि दोन उजवीकडच्याकडे आहेत. मग राणी कुठे? मी म्हटलं, अर्धं-अर्धं, कुठेही असेल. तू माझ्या प्लास्टरवर टिचकी मारलीस.

"सहा खुर्च्या आहेत. राणी कुठल्याही खुर्चीत बसलेली असेल. चार खुर्च्या या खोलीत, दोन त्या खोलीत. तू तिला कुठल्या खोलीत शोधशील?"

दहा वर्षांच्या मुलीला ते कळलं. तिसाव्या वर्षी कमिटीसाठी कागद लिहिताना मी प्रत्येक डाव अर्धा-अर्धा धरला. तू जणू नाणं उडवत होतास. खुर्च्या मोजून तू तीनात दोनदा बरोबर येणार हे धरलं असतं, तर त्या अकरा डावांचाही आकडा एकशे सत्तरात एक येत नाही. तेरात एक येतो. तेरात एक म्हणजे अशी गोष्ट जी कुणाच्याही हंगामात एकदा घडते.

आणि बाईंच्या वह्या धरल्या तर तीसपैकी वीस यायला हवे होते. तुझे एकोणीस आले. तुझं नशीब त्या वर्षी थोडं वाईटच होतं म्हणायचं.

बारकी


२१ मार्च

दादा,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की बाकीचे डाव आठवले नव्हते. ते पुरतं खरं नाही. दोन आठवत होते.

एक, इस्पिकच्या राणीचा, ज्यात तू चुकलास आणि क्लबाचे सेक्रेटरी हसले. दुसरा किलवरचा. दोन्ही मी आधी कच्च्या कागदावर लिहिले होते. पक्का कागद करताना वाटलं, यांत परिस्थिती नीट स्पष्ट नाही, हे सोडलेले बरे. त्या वेळी मला ते अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. बाकीचे सतरा मला खरंच आठवले नव्हते. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुझं तू बघ.

कच्चा कागद मी कधी सुरू केला तेही सांगायला हवं. कमिटीला मी म्हटलं होतं, "बरेच दिवस शंका होती." नव्हती. एक दिवसही नव्हती. त्या गुरुवारी तू मला क्लबाच्या जिन्यात थांबवलंस, तोपर्यंत मी तुझ्यावरून जीव ओवाळून टाकत होते.

तू नीटच बोललास. मोठ्या स्पर्धेला या वेळी माझ्याऐवजी दातांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर जोडीनं उतरणार, म्हणालास.

मी विचारलं, "माझं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही गं. तू मोजतेस माझ्याइतकंच. पण मोजून झाल्यावर घाबरतेस. पान हातात धरून बसतेस."

"सुधारेन की."

"वीस वर्षं सुधारतोच आहोत आपण, बारके. एकदा मला बघू दे, कुठवर जाता येतं ते."

मी हसले, तुझ्या दंडावर थाप मारली आणि म्हटलं, जिंकून ये. घरी आले. चहा टाकला. तो उकळून उतू गेला तेव्हा मी टेबलाशी बसून पहिले चार डाव लिहिले होते. मला काय सिद्ध करायचं होतं? बहुतेक एवढंच की मी भित्री नव्हते, आणि तू इतका वरचढ नव्हतास. माणूस इतकं बरोबर ओळखूच शकत नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. आकडा एकशे सत्तरवर आला तेव्हा मला किती बरं वाटलं, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

सेक्रेटरींना कागद देताना मी म्हणाले, "फक्त बघा, माझं काही म्हणणं नाही." त्यांना दहा वर्षं तू हरवत होतास. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि मला खुर्ची दिली. पत्त्यांना खूण करतोस असं मी कधीच म्हटलं नाही, दादा. ते त्यांनी काढलं. क्लबातला जुना कॅट आणला, त्यात बदामच्या राणीचा कोपरा मुडपलेला निघाला. निम्म्या पानांचे कोपरे तसेच होते. मी तिथे बसले होते, मला ते दिसत होतं.

तुला आत बोलावलं तेव्हा तू अगदी निवांत होतास. कसं ओळखतोस, विचारलं, तर "मोजून" म्हणालास, आणि समजावून सांगायला खुर्ची पुढे ओढलीस. मग त्यांनी तुझ्यापुढे कागद ठेवला. मी नाव घातलं नव्हतं. पण मी इंग्रजी सात लिहिताना मधून आडवी रेघ मारते, लहानपणापासून.

तू बराच वेळ त्या कागदाकडे पाहिलंस. नंतर माझ्याकडे. मग म्हणालास, "मला आणखी काही सांगायचं नाही."

त्यांनी त्याला कबुली म्हटलं आणि तुला लबाड ठरवून क्लबातून काढलं. मी उठून नाही म्हणायला हवं होतं. मी पान हातात धरून बसले.

बारकी


१४ एप्रिल

दादा,

क्लबात जाऊन आले. तू सांगितलं नव्हतंस, तरी गेले.

आता तिथे तीनच टेबलं उरलीत. बाकी जागेत व्यायामाची यंत्रं आलीत, त्यांचा खडखडाट चालू असतो. सेक्रेटरी अजून तेच आहेत, ऐंशी उलटलेत, कानाला यंत्र. मी वह्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. खुर्च्यांचं उदाहरण दिलं. दोनदा सांगावं लागलं, कारण त्यांच्या यंत्राची बॅटरी मधेच गेली.

शेवटी म्हणाले, "एवढ्या वर्षांनी कशाला उकरताय, बाई?"

"मीच पुरलं होतं ना ते."

"पण वाकलेली राणी?"

"त्या कॅटमधले राजेसुद्धा वाकलेले होते. तुम्ही पाहिले होते. मीही."

ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, शनिवारच्या सभेत वाचा, माझी हरकत नाही. जाताना दारात हळूच म्हणाले, "मला तो आवडायचा नाही, हे खरं आहे." मला वाटलं, या म्हाताऱ्यानं माझ्याआधी कबूल केलं.

सभेला अकरा माणसं होती. तुला ओळखणारी तिघं. मी उभी राहून वाचलं: कागद माझा होता, चुकीचा होता, दोन डाव मी जाणूनबुजून वगळले होते, माझ्या भावानं कधीही लबाडी केली नाही. माझा आवाज कापला नाही, याचं मला वाईट वाटलं. एका तरुण बाईंनी विचारलं, "म्हणजे ते खरंच इतके चांगले खेळायचे?" मी हो म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "अरेरे."  हात वर झाले. निर्णय मागे घेतल्याचा कागद आता फळ्यावर लागलाय, पाण्याची मशीन बंद असल्याच्या सूचनेशेजारी.

त्यानं तुला काय परत मिळालं? नोकरी नाही. लिफ्ट दुरुस्त करायला ज्या ज्या इमारतींत तू जायचास, त्यांतल्या निम्म्यांचे व्यवस्थापक क्लबात यायचे. पत्त्यांत लबाडी करणाऱ्याच्या हाती किल्ल्या कशा द्यायच्या, असं त्यांनी तुमच्या कंपनीला कळवलं. तू दोन महिन्यांत वहिनींना आणि तान्ह्या लेकीला घेऊन गाव सोडलंस. मी गॅलरीतून टेम्पो भरताना पाहत होते. खाली आले नाही.

बाबांविषयी आज लिहिणार होते. लिहवत नाही.

बारकी


६ मे

दादा,

वहिनींचं कार्ड आलं. "पत्रं मिळतात. हे वाचतात. यायचं तर रविवारी दुपारी या." तीन वाक्यं. मी ती इतक्या वेळा वाचलीत की आता त्यांत काही शिल्लक नाही.

रविवारी येते. पण येण्याआधी हे तुझ्या हातात पडलं पाहिजे. नाहीतर तुझ्या घरात बसून चहा पिणं म्हणजे दुसरी लबाडी होईल. हे वाचून नको येऊ म्हणालास तर तसं कळव, मी येणार नाही.

कमिटीच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी आपल्या दोघांना समोर बसवलं होतं, आठवतं? त्यांनी आधी मला विचारलं, "तू लिहिलंस ते बरोबर आहे?" मी म्हटलं, "हिशेब बरोबर आहे, बाबा." मग तुला म्हणाले, "तू मला फक्त एवढं सांग, की मी केलं नाही. बाकी जग गेलं खड्ड्यात."

तू म्हणालास, "तिला विचारा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा डाग नखानं खरवडत होते. त्यांनी कॅट उचलला, कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला आणि काट्यावर निघून गेले. पुढे ते तुझं नाव काढत नाहीत असं मी तुला कुणाकुणामार्फत कळवत राहिले. ते खरंही होतं, चार वर्षं खरं होतं.

शेवटच्या आठवड्यात नव्हतं.

दवाखान्यात सोमवारी सकाळी ते म्हणाले, "थोरल्याला कळवलं का?" मी हो म्हटलं. कळवलं नव्हतं. बुधवारी परत विचारलं. मी म्हटलं, "त्याला सुट्टी मिळत नाहीये, येतो म्हणालाय." शुक्रवारी ते गेले.

मी का नाही कळवलं? तू आला असतास तर त्यांच्याजवळ बसला असतास, आणि त्यांनी पुन्हा विचारलं असतं, आणि या वेळी तू सांगितलं असतंस. मग ते माझ्याकडे बघतील, याची मला भीती वाटली. एवढंच कारण. चार दिवस होते माझ्याकडे आणि टेलिफोन वरांड्याच्या टोकाला होता.

तुला टेलिफोनबाईंनी कळवलं, सगळं आटोपल्यावर. तू तेराव्याला आलास, मागच्या रांगेत उभा राहिलास, आणि कुणाशी न बोलता गेलास. मला वाटलं, बरं झालं.

रविवारी दुपारी दोनच्या बसनं पोचते.

बारकी


१३ मे

दादा,

तू जाताना म्हणालास, आता लिहू नकोस. त्यामुळे हे शेवटचं. तुझ्याविषयी मी काही मागणार नाही, पण एक गोष्ट घडलीय ती तुला माझ्याकडूनच कळायला हवी, म्हणून लिहितेय.

आधी तुझ्या घराचं. मला वाटलं होतं तू दार उघडणार नाहीस. तूच उघडलंस. केस गेलेत तुझे, आणि डाव्या हाताचं एक बोट गेलंय. कशानं, ते विचारायचं धाडस झालं नाही. "ये," म्हणालास. वहिनींनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. त्यांनी माझ्याशी बोलू नये हेच बरोबर होतं, तरी त्या दाराआड उभ्या असाव्यात असं वाटलं.

मी वह्या काढल्या. तू हातही लावला नाहीस.

"मला माहीत होतं किती बरोबर आले ते," तू म्हणालास. "मी खेळलो होतो ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कुणाशी बोलायचं होतं? कमिटीला मी अर्ध्या तासात समजावलं असतं. ती माणसं माझी कोण होती?"

 शेजारच्या घरात कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. मग तू एकच विचारलंस.

"बाबा नक्की काय म्हणाले? शब्द सांग."

"थोरल्याला कळवलं का."

"कळवलं का, की बोलावलं का?"

"कळवलं का."

"दोनदा?"

"सोमवारी आणि बुधवारी."

"बुधवारी आवाज कसा होता?"

"बारीक. पण स्पष्ट."

तू ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलेस. खिडकीकडे गेलास आणि पाठमोरा उभा राहिलास. खिळा ठोकणं थांबलं तरी तू वळला नाहीस. मी उठावं की बसावं कळेना. शेवटी तू तसाच पाठमोरा म्हणालास, "मी गेली चौदा वर्षं समजत होतो की त्यांनी विचारलंच नाही."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते आठवत नाही, बरंच काही बरळले असेन. तू वळलास. चेहरा साधाच होता, रागाचा नव्हता.

"मला जमलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं, बारके. पण नाही जमणार. तू आता लिहू नकोस. वह्या घेऊन जा."

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

तुझी लेक सायकल हातात धरून मला थांब्यापर्यंत सोडायला आली. तिनं माझी पिशवी आपल्या खांद्याला लावली, नको म्हटलं तरी. मोठी गोड आहे. वाटेत सारखी आत्या, आत्या करत होती. तिला एवढंच माहीत आहे की आपल्या दोघांचं कशावरून तरी बिनसलं होतं, आणि आता मिटणार असेल. बसला पाऊण तास होता. आम्ही बाकड्यावर बसलो, वह्या माझ्या मांडीवर.

ती म्हणाली, "आत्या, या वह्यांत काय आहे? बाबा त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते."

"तुझ्या बाबांचे ब्रिजचे डाव."

"बाबांचे? त्यांना तर पत्ते खेळता येत नाहीत! घरात कधी कॅटसुद्धा आणू दिला नाही त्यांनी. मैत्रिणींकडे शिकले तर रागावले होते."

मला तिला म्हणता आलं असतं, विचार त्यांनाच. पण दादा, तुला पत्ते येत नाहीत हे वाक्य मला ऐकवेना. मी तिला सांगितलं. आधी तुझा खेळ सांगितला. तू पानं हातात घेतलीस की ती जुळवायचा नाहीस, तशीच ठेवायचास, कारण समोरचा जुळवणाऱ्याच्या हाताकडे बघून रंग ओळखतो. तू दहावं पान टाकलंस की उरलेली तीन पानं उलटी ठेवून चहा मागवायचास, आणि ती कुठली ते समोरच्यालाही मान्य असायचं. तिनं तोंडावर हात ठेवला होता. डोळे चमकत होते तिचे. "मग सोडलं का?" तिनं विचारलं.

मग तेही सांगितलं. जिना, कागद, वगळलेले दोन डाव, कमिटी, नोकरी. बाबांचा सोमवार आणि बुधवार. काही मऊ केलं नाही. मी हे लिहून बरंच झालं होतं, पण कुणाच्या तोंडाकडे बघत सांगितलं नव्हतं कधी. सभेत मी कागदाकडे बघत होते.

 संपलं तेव्हा ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आम्ही त्या घरातून निघालो तेव्हा मी किती महिन्यांची होते?"

"सात."

"आई सांगते, त्या वर्षी बाबा दिवसचे दिवस बोलायचे नाहीत. माझ्याशीसुद्धा. मला वाटायचं ते तसेच आहेत."

तिनं माझी पिशवी खांद्यावरून काढली, बाकड्यावर नीट टेकवून ठेवली, पडू नये अशी, आणि सायकल ढकलत चालू लागली. मागे वळली नाही. खांदे पुढे टाकून चालते, तुझ्यासारखी. वळणापर्यंत ती दिसत होती. बस आली, गेली. मी पुढच्या बसनं निघाले.

तिला रागावू नकोस. ती उद्धट वागली नाही. मी तिला तुझ्या परवानगीशिवाय सांगितलं, हा माझा आणखी एक अपराध धर. पण ती घरी आल्यावर तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत असेल, तर का बघतेय ते तुला कळावं. ती विचारेल. तू सांगशील की नाही, मला ठाऊक नाही.

वह्या बाकड्याखाली राहिल्या होत्या, असं मी तुला लिहिणार होते. खोटं आहे. तिच्या सायकलीच्या टोपलीत मी त्या ठेवल्या, ती पिशवी बाकड्यावर टेकवत होती तेव्हा.  त्या तिनं घरात आणल्या की वाटेत टाकल्या, मला कधी कळणार नाही.

तिच्याकडे माझा पत्ता नाही. या पाकिटाच्या मागे आहे. तिला द्यायचा की पाकीट फाडायचं, ते तू ठरव.

बारकी